तोस्का, तुच्छ आणि करमंना

तोस्का हा रशियन शब्द आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात आला तो डॉक्टरकीच्या वाटेने. लातूर-नांदेडच्या क्लासांत घासून 'नीट' दिलेली, पण सरकारी कॉलेजच्या यादीत न बसलेली आपल्याकडची बरीच मुलं हल्ली रशियात शिकायला जातात. त्यांतल्याच एका शेजारच्या मुलाने होस्टेलवरून फोनवर विचारलं, "काका, तस्का म्हणजे नेमकं काय हो? डिक्शनरीत उदासी दिलंय. पण इथली पोरं गाव आठवलं तरी तस्का म्हणतात अन् लेक्चर रटाळ झालं तरी तस्काच." निम्मं उत्तर त्याच्या प्रश्नातच होतं. उरलेल्या निम्म्यासाठी कोश काढले आणि गुंता वाढत गेला. त्याची बरीचशी टोकं आपल्याच घरात निघतात, म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

लिहिताना तोस्का, बोलताना तस्का. रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' ढिला पडून 'अ'कडे झुकतो, आणि इथे आघात शेवटच्या 'का'वर आहे. पुच्चीनीच्या संगीतिकेतली तोस्का ही बाई वेगळी, तिचा इथे संबंध नाही. आता शब्दाची चाल पाहा. तोस्का माणसाची असते, गावाची असते, मायदेशाची असते. ती माणसाला 'घेते', कधी 'खाऊन टाकते'. फार झाली की 'मरणाची' होते आणि कंटाळ्याची परमावधी झाली की चक्क 'हिरवी' होते. हिरवीच का, याचा विचार रशियनांनी खुशाल करावा. आपल्याकडे हिरवा रंग चुड्याचा आणि पेरणीनंतरच्या रानाचा. तेव्हा ही तोस्का मराठीत आणायची झाली तर तिचा रंग वेशीवरच उतरवून ठेवावा लागेल.

पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन'चा इंग्रजी अनुवाद करताना नबोकोवने जी भलीमोठी टीपा-टिप्पणी लिहिली, तीत या शब्दाच्या छटा वरून खाली उतरत्या लावल्या आहेत. सगळ्यात वर कारणाशिवायची घोर वेदना, मध्ये कुणाची तरी ओढ, तळाला निव्वळ कंटाळा. इंग्रजीत एका शब्दाने हे भागत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. मराठीत भागतं का, हे पाहायला त्याला काही कारण नव्हतं. आपल्याला आहे.

कोशातलं 'उदास' पहिल्यांदा निकालात काढू. उद् + आस्, म्हणजे वर किंवा बाजूला बसणे. उदासीन म्हणजे भांडणात कुणाचीच बाजू न घेता अलग बसलेला. जुन्या मराठीत संतांचं उदास होणं हे विरक्त होणं आहे, त्यात रडवेपणा नाही. अलग बसलेला माणूस दुःखीच असणार, असं नंतर कुणीतरी गृहीत धरलेलं दिसतं. तोस्का मात्र अलग बसू देत नाही, ती माणसाला खिडकी-दाराशी येरझाऱ्या घालायला लावते. त्यापेक्षा 'सय' जवळची. 'स्मृती'चं प्राकृतात 'सइ' झालं आणि तीच जात्यावरच्या ओव्यांतून माहेराची सय म्हणून टिकली. पण सयीला नेहमी कुणीतरी लागतं, माय, भाऊ, माहेरचा उंबरा. कारणाशिवाय सय येत नाही. तोस्का येते.

शब्दाआधी वाक्यरचनेकडे पाहू, कारण नातं तिथे चटकन दिसतं. रशियन माणूस 'मी तोस्का करतो' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो 'म्न्ये तस्कलीवा', म्हणजे 'मला तस्कासारखं होतंय'. यातलं 'म्न्ये' म्हणजे सरळ आपलं 'मला', चतुर्थी. मराठीतही भावनेच्या वाक्यात माणूस कर्त्याच्या खुर्चीवरून उठून 'ला' लावून बाजूला उभा राहतो आणि भावना कर्ता होते. मला राग येतो, मला घोर लागतो, मला वेड लागतं, मला लळा लागतो. लोह्यातली आई व्हॉट्सॲपच्या व्हिडिओवर मुलाला आधी "जेवलास का रं?" विचारते आणि लगेच "करमायलंय का तिथं?" मुलगा म्हणतो, "न्हाई, करमंना." त्याच्या वाक्यात ना 'मी' आहे ना दुःखाचं नाव. आहे ते नुसतं क्रियापद, तेही नकारार्थी. या 'करमंना'कडे पुढे यायचंच आहे. तूर्त इतकंच की इंग्रजीला 'आय ॲम' म्हणत पुढे यावं लागतं तिथे रशियन आणि मराठी दोघीही पाठीमागे सरकतात.

आता मूळ. जुन्या रशियनमध्ये हा शब्द 'तुस्का' अशा काहीशा उच्चाराचा होता. त्यातला 'उ' अगदी आखूड, ओठांत विरणारा. रशियन व्युत्पत्तीचा आधारकोश माक्स फास्मरचा. बर्लिनमध्ये त्याने जमवलेला बराचसा संग्रह १९४४ च्या बॉम्बवर्षावात जळाला, तरी त्याने काम पुन्हा उभं केलं आणि १९५० ते १९५८ या काळात हायडेलबर्गहून कोश बाहेर पडला. तो तोस्काचं नातं 'तोश्ची' या विशेषणाशी जोडतो. तोश्ची म्हणजे हडकुळा, खपाटीला गेलेला, आणि मुळात रिकामा. याच घरातला 'त्श्चेत्नो', व्यर्थ. याच घरातला 'त्श्चेस्लावीये', पोकळ कीर्तीची हाव. लिथुआनियन भाषेत 'तूश्चियास' म्हणजे आजही साधं 'रिकामं'. आणि संस्कृतात याचं सख्खं भावंड कोण, तर तुच्छ!

डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलाला हे समजावणं सोपं गेलं, कारण दोन्ही टोकं त्याच्या रोजच्या वापरातली निघाली. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर रशियन नर्स 'नातश्चाक' यायला सांगते, म्हणजे रिकाम्या पोटी. आणि शरीररचनेच्या तासाला लहान आतड्याच्या मधल्या भागाला 'तोश्चाया किश्का' म्हणतात, रिकामं आतडं. लॅटिन 'जेजुनम'चा हा शब्दशः अनुवाद असावा, कारण त्याचाही अर्थ उपाशी, रिकामं असाच. प्रेतात तो भाग रिकामा आढळतो म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिलं असं सांगतात. म्हणजे रशियात आपला तुच्छ एकीकडे आतड्यात जाऊन बसला आणि दुसरीकडे काळजात.

आपल्याकडे त्याची रवानगी तिसरीकडेच झाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या नासदीय सूक्तात 'तुच्छ्य' येतो तो पोकळीच्या अर्थाने. सृष्टीच्या आधी जे काही होऊ घातलं होतं ते या पोकळीने झाकलेलं होतं, असा तिथला आशय. इतकी थोर पोकळी दुसऱ्या कुठल्या शब्दाच्या वाट्याला आली नसेल. पुढे वेदान्त्यांनी तुच्छ म्हणजे मुळातच नसलेलं, सशाच्या शिंगासारखं, असा पारिभाषिक अर्थ पक्का केला. रिकाम्यापासून नसलेल्यापर्यंत, नसलेल्यापासून बिनमोलापर्यंत, आणि बिनमोलापासून नाक मुरडण्यापर्यंत एकेक पायरी खाली येत मराठीत उरलं ते 'तुच्छ लेखणे'. हिंदीतला 'छूछा', म्हणजे रिकामा, याच कुळातला असावा. तो बिचारा मूळ अर्थाला धरून राहिलेला दिसतो. जी पोकळी रशियनांनी स्वतःच्या छातीत पाहिली ती आपण दुसऱ्याच्या लायकीत पाहिली, असं म्हणण्याचा मोह होतो. पण एका शब्दावरून दोन समाजांचा स्वभाव सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये.

कारण असं खाली घसरणं एकट्या तुच्छाच्या नशिबी नाही. 'घृणा' घ्या. मराठीत घृणा म्हणजे किळस, तिटकारा. संस्कृतात तिचा आधीचा अर्थ ऊब, कळवळा, दया. मग दयेची किळस कशी झाली? दयनीय दृश्य पाहून आत कालवतं आणि किळसवाणं पाहूनही कालवतं, या कालवण्याच्या पुलावरून शब्द पलीकडे गेला असावा. गंमत अशी की जुना अर्थ एका समासात जसाच्या तसा गोठून राहिला आहे. 'निर्घृण हत्या' असं वर्तमानपत्र रोज छापतं, तेव्हा किळस न येता केलेली हत्या असा अर्थ कुणी घेत नाही. निर्घृण म्हणजे निर्दय. मूळ शब्द बदलला, पण त्याचा नकार जुन्याच अर्थाला चिकटून बसला.

घृणेच्या मुळाशी 'घृ' आहे, तापणे, चमकणे. इथून एक लांबचा पण मजेचा फेरा मारता येतो. 'घर्म' म्हणजे ऊन, उष्मा. त्याचा प्राकृतातून झाला आपला घाम. फारसी 'गर्म' त्याच मुळाचा. रशियनमध्ये याच मुळाचा 'गरेत्' म्हणजे जळणे आणि त्यापासून 'गोर्ये' म्हणजे मोठं दुःख, एखाद्या घरावर कोसळतं तसलं. रशियन दुःखाच्या दुसऱ्या नेहमीच्या शब्दाचं, 'पेचाल'चं, मूळ 'पेच्' म्हणजे भाजणे, शेकणे. तो आपल्या 'पच्'चा भाऊ. त्यातून आपल्याकडे पाक आला, पक्वान्न आलं, पचन आलं. त्यांच्याकडे भट्टीतली भाकरी आली आणि खिन्नता आली. आपला शोक काही निराळा नाही. 'शुच्' म्हणजे जळणे, झळाळणे. त्यातूनच शुचि, त्यातूनच शुक्र, आणि त्यातूनच शोक. तीन वेगवेगळे धातू, अर्थाची वाट मात्र एकच, आगीकडून दुःखाकडे. फास्मरनेही गोर्येच्या नोंदीत आपल्या शोकाचा दाखला देऊन ठेवला आहे. आपण तर ही आग अजून विझू दिलेली नाही. आपला जीव जळतो, काळीज करपतं, माणूस होरपळतो, रडण्याचा कढ येतो. हा 'कढ'ही 'क्वथ्', म्हणजे उकळणे, यातूनच आलेला. फक्त 'संताप'ने वाट बदलली. संस्कृतात तो दुःखाचा दाह होता, मराठीत नुसता राग झाला. आणि त्याच 'तप्'चा रशियन भाऊ 'त्योप्ली' म्हणजे छान कोमट, सुखद ऊबदार. बर्फाच्या देशात तापाला चांगले दिवस येणारच. चैत्र-वैशाखात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या नांदेड जिल्ह्यात ते यायचे कुठून?

म्हणजे दुःखाचे बाकी सगळे शब्द आगीचे, आणि तोस्का एकटी पोकळीची. इथवर हिशोब नीट जमला होता. त्यात व्लादीमीर दालने खोडा घातला.

दालचा रशियन बोलीचा थोरला कोश १८६३ ते १८६६ या काळात निघाला. तोस्काच्या नोंदीत तो आधी आत्म्याचा कोंडमारा सांगतो, मग तगमग, मग बाकीचं. जुन्या रशियन ग्रंथांतही तुस्काचा एक अर्थ दाब, अडचण, गळचेपी असाच येतो. मग हा शब्द पोकळीचा की कोंडीचा? रिकाम्या घरात कोंडमारा कसा व्हावा? शेजारच्या पोलिश भाषेत 'तेन्स्क्नोता' म्हणजे ओढ, विरह. त्यातला अनुनासिक नंतर शिरलेला मानतात. चेक 'स्तेस्क' म्हणजे घरची आठवण. दोन्हींत ओढ आहे, पण कोंडीचा निकाल त्यांनीही लागत नाही. रिकामं आणि दाबलेलं ही दोन टोकं एका शब्दात कशी नांदली, हे कोडं तसंच राहतं.

फारसीकडे वळलं तर निदान कोंडीची बाजू उजळते. फारसीत कुणाची फार आठवण येणे म्हणजे 'दिलतंगी', काळीज तंग होणे. तंग आपल्याकडेही आला, पण तो घोड्याच्या खोगिराच्या पट्ट्यात आणि तंग विजारीत रमला; काळजापर्यंत पोचला नाही. काळजापर्यंत पोचलेला फारसी शब्द वेगळा, 'दिलगीर'. गीर म्हणजे धरणारा, पकडणारा. जहांगीर जग पकडणारा, तसा दिलगीर काळीज पकडणारा. हा 'गीर' ज्या क्रियापदातून येतो ते वेदातल्या 'गृभ्'चं, म्हणजे पुढच्या 'ग्रह्'चं, इराणी रूप. रशियन 'ग्राबित्', लुटणे, हाही याच गोतावळ्यातला मानतात. रशियन माणूस 'मला तोस्का घेते' म्हणतो तेव्हा त्याच्या क्रियापदाचं मूळ वेगळं असलं तरी चित्र दिलगीरीचंच आहे, काळजाला घातलेला हात. आणि त्यातला 'दिल' आपल्या 'हृद्'चा इराणी अवतार. रशियन 'सेर्द्त्से' त्यांचा नातेवाईक मानतात, पण पहिल्या व्यंजनाचा हिशोब काटेकोर जुळत नाही. व्युत्पत्तीत असं एखादं बिऱ्हाड असायचंच, की चेहरा घरच्यांचा आणि कागदपत्रं अपुरी.

मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात दिलगीर होणं म्हणजे खरोखर खिन्न होणं. लढाई हरली, माणूस गेलं, धनी रुसले, की मंडळी दिलगीर. मोल्सवर्थच्या कोशातही शब्दाचा अर्थ दुःखी असाच आहे. आपल्या भागात तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची उर्दू कचेरीत आणि शाळेत होती, तेव्हा हा शब्द जुन्या पिढीच्या तोंडी पक्का बसलेला असावा. आज त्याचं काय झालं? 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' नळाला पाणी सुटणार नाही, एसटी रद्द झाली, छपाईत चूक राहिली, की फलकावर दिलगिरी. ज्या शब्दाने काळीज पकडायचं तो आता नुसता रबरी शिक्का झाला. माझ्या मते मराठीतल्या भावनाशब्दांत याच्याइतकी दैना दुसऱ्या कुणाची झाली नाही. तुच्छ निदान चिडका तरी राहिला, दिलगिरीत काहीच उरलं नाही.

चेखवची 'तोस्का' ही कथा १८८६ ची. पीटर्सबर्गचा म्हातारा गाडीवान इओना पोतापोव, त्याचा मुलगा त्याच आठवड्यात वारलेला. बर्फ पडतंय, तो गाडीवर वाकून बसलाय, घोडी पांढरी होऊन निश्चल उभी. एक लष्करी अधिकारी बसतो, मग तीन टवाळ तरुण बसतात. मुलगा गेला हे तो ज्याला त्याला सांगू पाहतो आणि कुणी ऐकून घेत नाही. शेवटी तबेल्यात चारा खाणाऱ्या घोडीलाच तो सगळं सांगतो. शब्दवेड्या वाचकाने इथे एक बारकावा टिपावा. कथेचं नाव तोस्का, पण तिच्या माथ्यावर चेखवने जुन्या धार्मिक गीताची जी ओळ दिली आहे तीत शब्द आहे 'पेचाल'. आपलं दुःख कुणाला सांगू, असं विचारणाऱ्या योसेफाच्या तोंडचं ते गीत. म्हणजे सांगण्याजोगं ते पेचाल, आणि सांगायला कुणी नसलं की उरते ती तोस्का, असा भेद चेखवच्या कानाला जाणवला असावा.

त्याहून मोठी गोष्ट कथेच्या मध्यात आहे. चेखव म्हणतो की ही तोस्का इतकी अफाट होती की इओनाची छाती फुटून ती बाहेर आली असती तर सारं जग बुडवून गेली असती, आणि तरी ती एवढ्याशा कवचात मावली होती. पोकळी आणि कोंडी, दोन्ही एकाच छातीत! दालशी आणि फास्मरशी जे भांडण आपण काढून बसलो होतो ते इथे मिटल्यासारखं दिसतं. आणि मिटायला आधार आहे तो आपल्याच 'शून्य'चा. शून्य म्हणजे रिकामं, हे शाळेपासून ठाऊक. पण त्याचं मूळ 'श्वि' किंवा 'शू', म्हणजे सुजणे, फुगणे. जे फुगतं ते आतून पोकळ होतं, फुगलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं. पोकळी ही नुसती उणीव नसते, ती आतून रेटते. 'शून्य'चाच पुढे 'सुना' झाला. घर सुनं झालं, सुनं सुनं वाटतं, असं आपण म्हणतो तेव्हा त्या सुनेपणालाही वजन असतं, छातीवर बसणारं. तोस्काच्या गाभ्याच्या इतकं जवळ जाणारं विशेषण मराठीत दुसरं मला दिसत नाही.

घोड्यांचा विषय निघाला तर लोहेकराला माळेगाव आठवणारच. मार्गशीर्षाच्या वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, आणि आपल्या कंधार-लोहा भागाची लाल कंधारी गुरं. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवतात; वर चेहरे कोरे, खाली बोटं दाबली जातायत. लाल कंधारीवरून आठवलं, लोहा या नावात 'लोह' असेल तर तोही मुळात लोखंड नव्हे, लाल धातू, तांबं. लोह, रोहित, रुधिर ही एका रंगाची माणसं. रशियन 'रुदा', म्हणजे खनिज, त्याच रक्तवर्णी घराण्यातला. गावाच्या नावाचा निवाडा मात्र इतक्या घाईने करू नये. यात्रेत दोन 'येळ' ऐकू येतात. भंडारा उधळताना 'येळकोट', आणि चतुर्दशीनंतरच्या अमावस्येला शेतात साजरी होणारी 'येळवस'. पहिला कानडी 'एळु', सात, म्हणून सात कोटी. दुसरा कानडी 'एळ्ळु', तीळ, म्हणून तिळाची अमावस्या. 'वेळ अमावस्या' हे नंतर कुणा शिकलेल्याने घातलेलं संस्कृत जाकीट दिसतं.

रशिया आणि आपला मुलूख यांची गाठ घालणारा पहिला नामवंत माणूसही घोडा घेऊनच आला होता. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. चौलला उतरला, जुन्नरला खानाने त्याचा घोडा ताब्यात घेतला, धर्म बदललास तर परत देतो म्हणाला, आणि एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो सुटला. पुढे बहमनींच्या राजधानीत, बिदरला, निकितीनने घोडा विकला. आळंदच्या घोडेबाजाराचं वर्णनही त्याने केलं आहे. बिदर म्हणजे उदगीरच्या पलीकडे, आपल्या अंगणातलंच. त्याच्या प्रवासवर्णनात वाचावं ते हे, की परमुलखात सणावारांचा हिशोब चुकल्याचं आणि धर्मग्रंथ हरवल्याचं दुःख त्याला राहून राहून टोचतं, आणि अशा जागी त्याची रशियन मोडून मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द घुसतात. प्रार्थनासुद्धा त्या खिचडीत. घरी पोचायच्या आत, स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला.

व्यापाऱ्यांच्या त्या खिचडीची शितं दोन्हीकडे सांडलेली आहेत. रशियन 'बाझार' आपला बाजार, 'सुंदूक' आपली संदूक, 'अंबार' आपलं अंबार. आणि भावनेच्या बाबतीत 'काइफ'. अरबी 'कैफ' म्हणजे मुळात 'कसं', म्हणजे हाल-हवाल, अवस्था. त्यातूनच आपली कैफियत. रशियन तरुण आज काइफ म्हणतो तो मजेला, धुंदीला. मराठीत कैफ चढतो तो नशेचा, सत्तेचा, नाही तर तारुण्याचा. तुच्छाचं नातं हजारो वर्षांपूर्वीचं, कोशात शोधून काढावं लागतं. कैफाचं नातं बाजारातलं, ते त्या मुलाने होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

त्याला मी आणखी एक शब्द दिला, 'ल्युबोव', प्रेम. तो आणि आपला 'लोभ' एकाच 'लुभ्'चे. आपण त्याला षड्रिपूंत बसवून हाव ठरवलं, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहीत राहिलो. दारात आलेल्या गोजिरवाण्या मुलाला लोभस म्हणालो. एका शब्दाला शत्रूंच्या यादीत घालून पुन्हा सहीच्या वर मानाची जागा देणं हे मराठीलाच जमावं. 'तुच्छ'च्या बाबतीत अशी मागच्या दाराची सोय कुणी ठेवली नाही, हीच रुखरुख.

राहता राहिलं 'करमंना'. करमणे हे क्रियापद 'क्रम्'पासून आलेलं असावं, म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. काळ क्रमणे, रात्र क्रमणे हे प्रयोग जुने आहेत. करमत नाही म्हणजे वेळ पाऊल उचलत नाही. दुसरी शक्यता, कानाला त्यात 'रमणे' ऐकू येतं आणि अर्थही जुळतो. पण आधीचा 'क' कुठून आणायचा हे सांगता येईना, म्हणून मी 'क्रम्'च्या बाजूला झुकतो. या क्रियापदाची तऱ्हा अशी की होकारात ते क्वचित भेटतं. "करमतंय का?" हा प्रश्न विचारायचा तो 'नाही' ऐकण्याच्या तयारीनेच. होकारातून नाम झालं मात्र झकास: करमणूक. हरी नारायण आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नाव 'करमणूक', आणि पुढे सरकारने करमणुकीवर कर बसवला. न करमण्याला मात्र नामच नाही. ते आजही क्रियापदातच, 'ला' लावलेल्या माणसाच्या पाठीमागे उभं आहे. तोस्काशी त्याचं मोजमाप केलं तर ओढ आहे, कंटाळा आहे, कारण असतं आणि नसतंही. रटाळ लेक्चरही त्यात बसतं, दुरावलेलं गावही. फक्त वरचं टोक, पोर गेलेल्या बापाचं, त्याला पेलत नाही. तिथे 'सुनं' लागतं.

माझा कौल असा. रोजच्या तोस्काला 'करमंना', आणि चेखवच्या कथेचं मराठी नाव ठेवायचं झालं तर 'सुनं'. 'दुःख' नको, 'व्यथा' तर नकोच. न करमण्याला एखादं नाम कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीरकडच्या बोलीत, लमाणी तांड्यांत किंवा दखनी बोलणाऱ्या घरांत चालत असेल, तर ते वाक्यासकट कळवावं, आणि कोण कोणाला म्हणतं तेही लिहावं. लोभ असावा.